व्यायामाला खाडा पडू नये म्हणून: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

१ जानेवारीला पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. शिवजयंतीपर्यंत गर्दी ओसरते आणि वर पुन्हा नेहमीचे चेहरे उरतात. मी कोथरूडला राहते, वेताळ टेकडीवर जाते, आणि कोण टिकतं, कोण गळतं हे वर्षानुवर्षं जवळून बघत आले आहे. टिकणाऱ्यांकडे काही जगावेगळी इच्छाशक्ती असते असं मला अजिबात वाटत नाही. फरक एवढाच की सकाळी उठल्यावर त्यांना काही ठरवावं लागत नाही. जायचं की नाही, कुठे, किती वेळ, कुठले कपडे, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. उत्साह येतो तो निघाल्यावर दहा मिनिटांनी, अंथरुणात नाही. त्यामुळे हा लेख मन खंबीर कसं करायचं याबद्दल नाही. सकाळचं ठरवणं कमी कसं करायचं, हे एकेक पायरी करून सांगते.

१. आधी डॉक्टरांना भेटा

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, बीपी, दमा, गुडघेदुखी यातलं काही असेल, किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर फॅमिली डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवात करू नका. बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन एवढं तरी बघून घ्या. ईसीजी हवा की नको ते डॉक्टर सांगतील.

हिमोग्लोबिनचं मुद्दाम लिहिते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. अशा बाईला जिना चढताना धाप लागते, सकाळी उठवत नाही, आणि घरचे तिला आळशी म्हणतात. तिला प्रेरणेचे व्हिडिओ दाखवून उपयोग नाही, आधी औषध हवं.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना सांगा आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. व्यायाम करताना छातीवर दाब वाटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी येऊन झोपू नका.

लागणारी कागदपत्रं फार नाहीत:

- तपासण्यांचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी, एकाच फाइलमध्ये. मोबाईलमध्ये फोटोही असू द्या.
- पोहायला जाणार असाल तर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. बऱ्याच तलावांवर त्याशिवाय पास मिळत नाही.
- जिमसाठी ओळखपत्राची प्रत आणि फोटो. पैसे भरण्याआधी पावतीमागचे नियम वाचा: मध्ये खंड पडला तर मुदत वाढवून मिळते का, पैसे परत मिळतात का.

जिमचा एक सापळा इथेच सांगून टाकते. ‘वर्षाचे भरले तर निम्म्यात’ ही ऑफर नवीन माणसाने घेऊ नये. पैसे भरले की आपण जाऊच, असा हिशेब असतो, पण पैशाची टोचणी दोनेक महिन्यांत बोथट होते. पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरा, महाग पडले तरी.

२. किती करायचं, ते एकदाच ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. म्हणजे अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम जोर म्हणजे किती? चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो.

दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूदर त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि ७,५०० च्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही.

३. वेळ आणि जागा कागदावर लिहा

‘उद्यापासून व्यायाम करणार’ हा बेत नाही. ‘सोमवार ते शनिवार, दूध तापवून झालं की सव्वासहाला घराबाहेर, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने टेकडीवर आणि परत’ हा बेत आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या प्रकारच्या ‘अमुक झालं की तमुक करीन’ संकल्पांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठरवलेले संकल्प पार पडण्याचं प्रमाण जास्त असतं, असं त्यातून दिसतं. रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला व्यायाम बांधायचा. दूध तापवणं, मुलांची स्कूलबस, देवपूजा, संध्याकाळचा चहा, काहीही चालेल.

सकाळच उत्तम असा आग्रह धरू नका. जी वेळ दुसऱ्या कुणी मागत नाही ती तुमची वेळ. मुंबईत पहाटेची लोकल पकडणाऱ्याने सकाळी व्यायामाचं स्वप्न बघण्यापेक्षा संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा न करता चालत घरी यावं. चाकण किंवा भोसरीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांना घड्याळाची वेळ जमणारच नाही, त्यांनी ‘झोपून उठल्यावर तासाभरात’ असं ठरवावं. पाळी बदलली तरी झोपून उठणं काही चुकत नाही.

आता बायकांसाठी. सकाळी सहा ते आठ ही डब्यांची वेळ. या वेळात बाई घराबाहेर पडणार असेल तर घरातल्या कुणाला तरी काही तरी करावं लागेल, आणि ते आपोआप होत नाही. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट बोला: पाण्याच्या बाटल्या कोण भरणार, मुलांना कोण उठवणार, आजींना चहा कोण देणार. भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक मात्र दुसऱ्या कुणी तरी मळू दे. टेकडीवर येणाऱ्या कितीतरी जणी मी थांबलेल्या पाहिल्या त्या कंटाळून नव्हे, तर परत आल्यावर ओट्यावर सगळं तसंच वाट बघत पडलेलं असायचं म्हणून. हा प्रश्न बाईच्या चिकाटीचा नाही, घराच्या वाटणीचा आहे.

आणि अंधारात एकट्याने टेकडीवर जाऊ नका. पुण्यातल्या टेकड्यांवर लुटीचे प्रकार घडलेले आहेत. उजाडल्यावर निघा, नाहीतर वस्तीतलं मैदान बरं.

४. पहिले पंधरा दिवस मुद्दाम कमी करा

हे कुणीच ऐकत नाही, म्हणून जरा जोर देऊन सांगते. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो, माणूस तासभर चढतो-उतरतो, नाहीतर जिममध्ये ट्रेनर दाखवेल ते सगळं उचलतो. सवय नसलेल्या व्यायामाने दुखणारे स्नायू लगेच दुखत नाहीत. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठवत नाही, चौथ्या दिवशी ‘आपल्याला झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर ते दुखणं सहसा आपोआप जातं, आणि हलकं चालल्याने बरंही वाटतं. पण सुरुवातीलाच ही वेळ का आणायची?

पहिला आठवडा फक्त दहा ते पंधरा मिनिटं, सपाटीवर. दुसरा आठवडा वीस. ‘अजून थोडं करता आलं असतं’ असं वाटत असताना घरी परत यायचं. चढ तिसऱ्या आठवड्यापासून, आणि गुडघे नाजूक असतील तर उतरताना जास्त जपा. गुडघ्यावर जोर चढताना येतो त्याहून उतरताना जास्त येतो. छोटी पावलं, हवी तर काठी.

५. आदल्या रात्रीची दहा मिनिटं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम रात्री होतं. शूज कपाटात नाही, दाराशी. मोजे त्याच शूजमध्ये खोचलेले. कपडे खुर्चीवर, त्यावर टोपी आणि घराची किल्ली. पाण्याची बाटली भरून ओट्यावर. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, गजरही तिथेच, म्हणजे तो बंद करायला उठावंच लागतं आणि उठलेला माणूस शूजच्या समोर उभा असतो. सकाळी साडेपाचला कपाटाचं दार कुरकुरलं की घर जागं होईल या भीतीने परत आडवे झालेले लोक मला माहीत आहेत. म्हणून कपाट उघडायची वेळच येऊ देऊ नका.

सामान एवढंच लागतं:

- चालण्याचे शूज. संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागडा ब्रँड नको, पण फॅशनचे स्नीकरही नकोत.
- सुती मोजे आणि घाम शोषणारे सैल कपडे. बायकांनी स्पोर्ट्‌स ब्रावर खर्च करावा, शूजइतकीच ती गरजेची आहे.
- घरासाठी एक योगा मॅट किंवा जाड सतरंजी.
- ताकदीच्या व्यायामासाठी पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. सुरुवातीला डंबेल्स नकोत.

स्मार्टवॉच, ट्रेडमिल, व्यायामाची सायकल यातलं काहीही पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. सहा महिने टिकलात तर काय हवं ते तुम्हालाच कळेल.

६. एक-दोन माणसं जोडा

चाळीस जणांचा ‘फिटनेस ग्रुप’ नको. तिथे सूर्योदयाचे फोटो येतात आणि तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन-तीन जण हवेत, ज्यांना तुमची गैरहजेरी जाणवेल. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. कुणी सांगितल्याशिवाय आलं नाही तर साडेसातला त्यांचा फोन येतो: “काय हो, बरं आहे ना?” एवढंच. का आला नाहीत विचारत नाहीत, उपदेश करत नाहीत. पण त्या फोनला ‘आळस आला’ असं उत्तर द्यायची कुणाला इच्छा होत नाही, आणि खरंच बरं नसेल तर तासाभरात ते दारात उभे असतात.

सोबतीचा वेग तुमच्याइतकाच असावा. फार पुढे जाणाऱ्याबरोबर दमछाक होते, फार मागे राहणाऱ्याबरोबर चालणं राहून नुसत्या गप्पा होतात. दुसरा सापळा खाली उतरल्यावरचा. चहा घ्या, त्या चहासाठीच तर माणसं येतात. पण सोबत क्रीमरोल किंवा वडापाव रोजचा झाला तर अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च झालं त्याहून जास्त पोटात गेलं, हे धरून चाला.

७. भिंतीवर नोंद ठेवा

दुधाचा खाडा जसा कालनिर्णयवर मांडतो, तसाच व्यायामाचा मांडा. केला त्या दिवशी तारखेवर बरोबरची खूण, नाही केला तर खाडा. अ‍ॅपपेक्षा हे मला बरं वाटतं, कारण ते स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसतं आणि मुलं आपणहून विचारतात.

सवय लागायला २१ दिवस पुरतात हे सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ असा अंदाज होता. तेव्हा बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून नियम असा ठेवा: एक खाडा चालेल, लागोपाठ दोन नकोत.

८. पावसाळा, सणवार, लग्नं

आपल्याकडे व्यायाम मोडतो तो कॅलेंडरमुळे. जूनमध्ये पाऊस, मग श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, दिवाळीनंतर लग्नं. यातलं काहीही अचानक येत नाही. तारखा भिंतीवर छापलेल्या असतात, तरी दर वर्षी ‘पाऊस आला म्हणून बंद पडलं’ हे ऐकायला मिळतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना आवडीच्या कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणं दिली, पण ती फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली. सुरुवातीला त्यांचं जिमला जाणं इतरांपेक्षा निम्म्याने वाढलं. पुढे तो परिणाम हळूहळू ओसरत गेला, आणि अमेरिकेतल्या नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तर पारच उतरला. आपली दिवाळी त्याच सुमाराची. युक्ती मात्र चांगली आहे, जरूर वापरा: आवडती मालिका किंवा कथावाचन फक्त चालतानाच ऐकायचं, एका कानाला इअरफोन लावून, म्हणजे मागून येणारी दुचाकी कळते. पण सुट्टीनंतर परत यायची तारीख सुट्टी सुरू होण्याआधीच कालनिर्णयवर लिहून ठेवायची. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सव्वासहा.

पावसासाठी घरातला व्यायाम मे महिन्यातच शिकून घ्या. जुलैत ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पाय घसरला तर व्यायाम कित्येक आठवडे बंद. घरातल्यासाठी सूर्यनमस्कारासारखं दुसरं काही नाही, आणि तो आपल्या मातीतला आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि त्यांनी तो संस्थानातल्या शाळांमध्येही नेला. सतरंजीएवढी जागा पुरते. मी पावसाळ्यात करते तो क्रम असा:

- खांदे, कंबर, घोटे फिरवणं, तीन मिनिटं
- सूर्यनमस्कार, सुरुवातीला चार, हळूहळू बारा. श्वास न कोंडता
- खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा
- भिंतीला हात टेकवून जोर, दहा वेळा
- बाटल्या घेऊन हात वर-खाली, दहा वेळा
- शेवटी पाच मिनिटं आडवं पडून शांत श्वास

वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पाठदुखी, बीपी, हर्निया असेल किंवा गरोदर असाल तर नमस्कार विचारल्याशिवाय नकोत. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात, किंवा दोन-तीन मजले चढ-उतार करावी.

लग्नघरात किंवा गौरी-गणपतीच्या धावपळीत पूर्ण व्यायाम होणार नाही हे मान्य करा आणि त्या दिवसांसाठी पाच मिनिटांचा एक तुकडा ठरवून ठेवा. चार नमस्कार घातले तरी त्या दिवशी बरोबरची खूण करायची. आजारपणाचं वेगळं आहे. ताप असताना व्यायाम नाही, खाडा पडला तरी चालेल. डेंग्यू, चिकुनगुनिया, न्यूमोनिया असं काही होऊन गेलं असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

९. वजनकाट्यावर रोज उभं राहू नका

वजन घटवायचं म्हणून सुरू केलेला व्यायाम वजन न घटल्यामुळे बंद पडतो. नुसत्या व्यायामाने वजन हळूच उतरतं, खाणं बदलल्याशिवाय फारसं उतरत नाही. व्यायामाचं श्रेय दुसरीकडे दिसतं, तिथे बघा. तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढता येतं का? बाजारातून दोन पिशव्या आणताना हात भरून येतात का? रात्री झोप कशी लागते? तीन महिन्यांनी बीपी आणि एचबीए१सी पुन्हा तपासा, आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतं, त्यामुळे त्याआधी तपासून काही कळणार नाही.

१०. कंटाळा आला की काहीतरी गाठायचं ठरवा

सहाएक महिन्यांनी तोच रस्ता, तीच माणसं नकोशी होतात. तेव्हा एक तारीख असलेलं ध्येय घ्या. पुण्याच्या लोकांना सिंहगड आहे: आतकरवाडीतून पायवाटेने घाई न करता चढा, वर पिठलं-भाकरी खा. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यात पूर्ण ४२ किलोमीटर धावावं लागतं असं नाही, छोट्या अंतराच्या शर्यतीही असतात. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २१ किलोमीटरची आणि घाटाची आहे, ती नवख्यांनी पहिल्या वर्षी बघायला जावी. नावनोंदणी महिने आधी भरते, ओळखपत्र लागतं, आणि काही ठिकाणी मोठ्या अंतरासाठी आधीच्या शर्यतीच्या वेळेचं प्रमाणपत्रही मागतात.

मात्र शर्यत झाली की लोक थांबतात, कारण धावणं तिच्यासाठीच होतं. म्हणून शर्यतीनंतरच्या आठवड्याचा बेतही आधीच लिहा.

११. पूर्णच बंद पडला असेल तर

महिनाभराहून जास्त खंड पडला असेल तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. निम्म्यापासून सुरू करा: चाळीस मिनिटं चालत होतात तर वीस, बारा नमस्कार होते तर सहा. दर आठवड्याला थोडं वाढवलं की पूर्वीच्या जागी पोचायला पहिल्या वेळेइतका काळ लागत नाही.

सोमवार, महिन्याची पहिली तारीख, वाढदिवसाचा दुसरा दिवस अशा नव्या सुरुवातींच्या आसपास लोक जिमला जास्त जातात, हेही मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्याच कामात दिसलं आहे. तेव्हा येणारा सोमवार धरायला हरकत नाही. पुढचा पाडवा धरू नका, तो फार लांब आहे. बंद पडण्याचं नेमकं कारण तेवढं शोधा. वेळ बदलली, सोबतीण गाव सोडून गेली, गुडघा दुखायला लागला, की घरी कणीक मळायला पुन्हा कुणी उरलं नाही? कारणानुसार वरच्या ज्या पायरीत दुरुस्ती लागेल, तिथूनच पुन्हा सुरू करा, आणि रविवारी रात्री शूज दाराशी काढून ठेवा.